विद्या परक्या गावची, श्रद्धा घरची



जून महिना आला, दोन पाऊस पडून गेले, की आपल्या खेड्यापाड्यांतून एक दृश्य हमखास दिसते. एस.टी.च्या थांब्यावर एखादा मुलगा किंवा मुलगी उभी असते. सोबत पेटी, गुंडाळलेली वळकटी, आणि आईने बांधून दिलेला डबा. बाप फारसे बोलत नाही. आई मात्र तीनतीनदा सांगते, ''पोचल्याबरोबर कळव, वेळेवर जेव, आणि रोजची प्रार्थना चुकवू नकोस.'' गाडी हलते, धुरळा उडतो, आणि घरची माणसे परत फिरतात. मनात एकच काळजी असते. पोर शिकून परत येईल, पण आपले म्हणून परत येईल ना?

ही काळजी कोणा एका धर्माच्या माणसांची नाही. पंढरीच्या माळकऱ्याच्या घरी ती आहे, नमाजी बापाच्या घरी आहे, आणि वसईच्या वाडीतल्या किंवा संगमनेर-राहुरीकडच्या एखाद्या खेड्यातल्या ख्रिस्ती घरीही ती तशीच आहे. आज मी बोलणार आहे ते कॅथलिक विद्यार्थ्याविषयी. जे कॉलेज कोणत्याच धर्माचे नाही, सरकारी किंवा सर्वांसाठी खुले आहे, तेथे शिकताना त्याने आपली श्रद्धा कशी जपावी, याविषयी. परंतु ऐकणारा कोणत्याही धर्माचा असला, तरी त्याला यातून आपल्या घरापुरते काही घेता येईल, अशी माझी खात्री आहे.

आधी त्या मुलाची अडचण नीट समजावून घेऊ. गावात असताना श्रद्धा ही हवेसारखी असते. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजते आणि सगळे घर मिस्सेला निघते. संध्याकाळी आजी जपमाळ हातात घेते, की पोरेटोरे आपोआप भोवती गुडघे टेकतात. उपवासकाळात शुक्रवारी घरात मटण शिजत नाही, म्हणून कोणी मागतही नाही. या सर्वांत मुलाला स्वतःचे असे काही ठरवावे लागत नाही. ठरविलेले असते आजीने, आईने, गावाने. तोच मुलगा शहरातल्या वसतिगृहात गेला, की एका रात्रीत हे सारे त्याच्या एकट्याच्या अंगावर येऊन पडते. रविवारी त्याला कोणी उठवीत नाही. चर्च कोठे आहे हेही त्याला विचारावे लागते. सापडलेच, तर तेथली मिस्सा इंग्रजीत असते. मराठी गीतांवर वाढलेल्या मुलाला तेथे परक्यासारखे वाटते. खाणावळीत शुक्रवारी रस्सा पुढे येतो आणि तो नको म्हणाला, तर शेजारचा हसून विचारतो, ''काय रे, पोटात दुखतंय का?'' वर्गात कोणी हुशार प्राध्यापक जाता जाता म्हणून जातात की धर्म म्हणजे अडाण्यांचे औषध. मुलाला उत्तर सुचत नाही, आणि सुचले नाही याची लाज वाटते.

श्रोतेहो, श्रद्धा एका दिवसात मोडत नाही, हे लक्षात घ्या. ती झिजते. एक रविवार परीक्षेमुळे जातो, दुसरा झोपेमुळे, तिसरा सवयीमुळे. चौथ्या रविवारी तो रविवार होता हेच आठवत नाही. नास्तिकाने वादात जिंकून नेलेली मुले थोडी. कंटाळ्याने आणि एकटेपणाने नेलेली पुष्कळ.

मग यावर उपाय काय? शहरात पाठवूच नये? कित्येक आईबाप असे म्हणतात आणि विशेषतः मुलींच्या बाबतीत म्हणतात. हा उपाय नव्हे, ही तर हार झाली. जी श्रद्धा पुस्तक उघडताच उडून जाईल ती जपून तरी काय उपयोग? दुसरा मार्ग आहे, आणि तो मी तुम्हांला उपदेश करून नव्हे, तर एका विद्यार्थ्याची खरी हकीकत सांगून दाखविणार आहे. हकीकत फ्रान्स देशातली आहे आणि जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची आहे. पण ऐकताना तुम्हांला ती आपल्याच आळीतली वाटेल.

या विद्यार्थ्याचे नाव फ्रेदेरिक ओझानाम. जन्म २३ एप्रिल १८१३ चा, इटलीतल्या मिलान शहरातला. पण आईबाप फ्रेंच आणि मुलगा वाढला तो फ्रान्समधल्या लिओं या गावी. वडील डॉक्टर. गोरगरिबांना औषधपाणी करणारे. आई भाविक. घरात चौदा मुले जन्मली, पण त्यांतली जगली फार थोडी. अशा घरात फ्रेदेरिक वाढला. मुलगा हुशार, पण मनाने हळवा.

आता पहिली गोष्ट अशी की या मुलाच्या श्रद्धेला तडा गेला तो पॅरिसला गेल्यावर नव्हे. तो गेला घरी असतानाच, शाळेत, पंधरा-सोळाव्या वर्षी. वर्गात नाना मतांची चर्चा चाले. पोराच्या डोक्यात प्रश्नांचे मोहोळ उठले. देव आहे हे कशावरून? आपण मानतो ते खरे कशावरून? त्याला रात्र रात्र झोप येईना. त्याने देवाजवळ मनोमन नवस केला की मला सत्य दिसू दे, मी माझे आयुष्य त्या सत्याच्या सेवेला देईन.

आणि येथे, शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासारखाच एक माणूस त्याच्या आयुष्यात आला. ॲबे न्वारो हे त्याचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक. त्यांनी त्याला गप्प बस म्हटले नाही, असले प्रश्न विचारणे पाप आहे असे म्हणून दटावले नाही, की घरी चिठ्ठी पाठविली नाही. ते त्याला घेऊन गावाबाहेर लांब लांब फिरायला जात. चालता चालता मुलगा विचारी आणि ते उत्तर देत. त्या फेरफटक्यांतून मुलाचे मन ठिकाणावर आले. पुढे जन्मभर त्याने या गुरूचे ऋण मानले. खेड्यातल्या शाळेत नववी-दहावीचे वर्ग शिकविणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. मुलगा कॉलेजात टिकणार की नाही, हे पुष्कळदा कॉलेजात नव्हे, आपल्या शाळेच्या मैदानावर ठरत असते. जो प्रश्न शाळेत विचारू दिला नाही, तो शहरात कोणी तरी विचारतोच, आणि तेव्हा उत्तर द्यायला आपण जवळ नसतो.

असो. १८३१ च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांचा ओझानाम कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी पॅरिसला आला. काळ मोठा कठीण होता. वर्षभरापूर्वीच, १८३० च्या जुलैत क्रांती होऊन एक राजा गेला होता आणि दुसरा आला होता. धर्मसंस्था गेलेल्या राजाच्या बाजूची समजली जाई, म्हणून लोकांचा तिच्यावर राग. १८३१ च्या फेब्रुवारीत जमावाने पॅरिसच्या आर्चबिशपांचा वाडा लुटला होता. विद्यापीठात तर धर्माचे नाव काढले की हसू पिकत असे. अशा शहरात हा मुलगा एका खानावळवजा घरी उतरला. तेथल्या सोबत्यांत शुक्रवारी मांस वर्ज्य करणारा तो एकटाच. रोज जेवताना थट्टा व्हायची. त्याने आईला पत्र लिहिले आणि आपला एकटेपणा मोकळेपणाने कळविला. आपली मुलेही असे लिहितील, जर आपण ऐकून घेणारे असलो तर!

मग त्याने काय केले? सोबत्यांशी भांडत बसला का? नाही. चारचौघांत मिसळण्यासाठी आपले नेम सोडले का? तेही नाही. त्याने राहण्याची जागा बदलली. दिसायला साधी गोष्ट, पण त्याच्या आयुष्यातली फार मोठी. लिओंकडचेच एक थोर गृहस्थ पॅरिसमध्ये राहत होते, त्यांना तो भेटायला गेला. त्यांनी विचारपूस केली आणि आपल्याच घरी राहायला बोलाविले. हे गृहस्थ कोण, ऐका. आंद्रे-मारी आंपेर! तुमच्या विहिरीवर विजेची मोटार असेल. तिच्या पेटीत किती ॲम्पियरचा फ्यूज घालायचा, असे वायरमन विचारतो ना? तो ॲम्पियर म्हणजे याच माणसाचे नाव. विजेच्या प्रवाहाच्या मापाला १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांचे नाव देण्यात आले. विजेचा आणि चुंबकाचा संबंध ज्यांनी गणिताने उलगडून दाखविला, असे हे त्या काळचे अग्रगण्य शास्त्रज्ञ. आणि हा माणूस भाविक कॅथलिक होता. स्वतः शंकांच्या फेऱ्यांतून गेलेला, आयुष्यात दुःखे भोगलेला. क्रांतीच्या धामधुमीत त्यांच्या वडिलांचा शिरच्छेद झाला होता. पण श्रद्धेला धरून राहिलेला.

सांगतात की एकदा ओझानाम फार उदास मनाने एका चर्चमध्ये शिरला. पाहतो, तो एका कोपऱ्यात एक म्हातारा गुडघे टेकून जपमाळ ओढीत बसलेला. जवळ जाऊन पाहिले, तर ते आंपेर! देशभर ज्यांच्या विद्वत्तेचा डंका, ते आपल्या आजीसारखे जपमाळेत दंग! त्या एका दर्शनाने मुलाला जे मिळाले, ते दहा ग्रंथांनी मिळाले नसते. विज्ञान शिकले की देव सोडावाच लागतो, ही भीती त्याच्या मनातून गेली.

तेव्हा, विद्यार्थिमित्रांनो, पहिली गोष्ट ही. परक्या गावी गेल्यावर आपला आंपेर शोधा. तो प्राध्यापक असेल, दवाखान्यातली परिचारिका असेल, नाही तर रेल्वेतला एखादा कारकून असेल. तुमच्या श्रद्धेचा एक तरी वडीलधारा माणूस, ज्याच्या घरी जाऊन तुम्ही रविवारी भाकरी खाऊ शकाल, असा गाठा. पहिल्याच आठवड्यात चर्च कोठे आहे ते शोधा, तेथल्या फादरांना आपले नाव-गाव सांगा. नंतर करू म्हटले, की ते राहून जाते.

आता वर्गातल्या प्रसंगाकडे वळू. झुफ्रुआ नावाचे तत्त्वज्ञानाचे मोठे नामांकित प्राध्यापक पॅरिसला होते. त्यांच्या व्याख्यानांत ईश्वरी प्रकटीकरणावर, म्हणजे देवाने माणसाला आपली ओळख करून दिली या समजुतीवर, टीका असे. दोनशेच्यावर मुले ऐकत. ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी काय करावे? ओरडून वर्ग बंद पाडता आला असता. बाहेर जाऊन प्राध्यापकांची निंदा करता आली असती. त्यांनी तसे काही केले नाही. त्यांनी विषयाचा अभ्यास केला, हरकती कागदावर व्यवस्थित लिहिल्या, आपापल्या सह्या केल्या आणि तो कागद प्राध्यापकांना दिला. प्राध्यापकांनीही मोठेपणा दाखविला. भर वर्गात तो वाचला आणि विद्यार्थ्यांच्या श्रद्धेला दुखविण्याचा आपला हेतू नव्हता, पुढे आपण काळजी घेऊ, असे सांगितले. मुलांच्या ध्यानात आले की आपण समजत होतो तितके एकटे नाही. पलीकडच्या बाकांवरही आपल्यासारखेच गप्प बसलेले कितीतरी आहेत. कोणी तरी पहिली सही करण्याचीच खोटी होती.

यातून दुसरी गोष्ट शिकावी. श्रद्धेसाठी बोलायचे, तर अभ्यास करून बोलावे. कित्येक मुलांचे होते असे की पदार्थविज्ञान ती एम.एस्सी.च्या पुस्तकातून शिकतात आणि धर्म मात्र आठव्या वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेताना पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांवर भागवितात. मग विसाव्या वर्षीच्या प्रश्नाला आठव्या वर्षीचे उत्तर अपुरे पडते आणि मुलगा म्हणतो, धर्मातच काही नाही! अहो, अंगरखा अपुरा पडला तर आपण अंग कापतो काय? आपण मोठा अंगरखा शिवतो. विद्या वाढेल तसे धर्माचे ज्ञानही वाढवावे. आणि उत्तर सुचले नाही, तर तसे मोकळेपणी म्हणावे. मला ठाऊक नाही, विचारून सांगतो, असे म्हणण्यात काडीची लाज नाही. उत्तर सुचत नाही म्हणजे उत्तर नाहीच, असे थोडेच आहे?

पण श्रोतेहो, खरी कसोटी अजून पुढेच आहे. एमान्युएल बेयी नावाचे एक सद्‌गृहस्थ पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांसाठी अभ्यासमंडळ चालवीत. तेथे इतिहासावर वादविवाद होत आणि सर्व मतांच्या मुलांना मोकळे दार असे. ओझानाम तेथे मोठ्या हिरिरीने बोले. ख्रिस्ती धर्माने जगाचे कसे भले केले, गुलामांना कसे माणूस मानले, रुग्णालये कशी उभारली, हे तो दाखले देऊन सांगे. एके दिवशी विरुद्ध पक्षाच्या एका तरुणाने उठून त्याला सरळ सवाल टाकला. आशय असा होता, की तुम्ही म्हणता ते जुन्या काळाबद्दल खरे असेल. पण आज तुमचा धर्म काय करतो आहे? तुम्ही स्वतः, जे कॅथलिक म्हणवून घेता, ते काय करता?

सभा स्तब्ध झाली. या प्रश्नाला ग्रंथातून उत्तर देता येण्याजोगे नव्हते.

बाहेर पॅरिस शहर कसे होते, ते आठवा. १८३२ साली तेथे पटकीची साथ आली होती. १८ हजारांहून अधिक माणसे त्या एका शहरात मेली. गरिबांच्या वस्तीत घरोघरी विधवा आणि पोरकी पोरे होती. आणि ही शिकली-सवरलेली मुले त्याच शहरात बसून धर्माच्या थोरवीवर वाद घालीत होती! टोमणा विरोधकाचा होता, पण खरा होता. ओझानामचे मोठेपण मला येथे वाटते की त्याने विरोधकावर राग धरला नाही. त्याने आपल्या मित्रांना म्हटले, चला, आपण गरिबांकडे जाऊ या.

२३ एप्रिल १८३३. ओझानामचा त्या दिवशी विसावा वाढदिवस. बेयी यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत सहा विद्यार्थी जमले, सातवे बेयी. भांडवल काय, तर काही नाही. सभा संपली की एकाची टोपी फिरवायची आणि ज्याला जमेल ते त्याने त्यात टाकायचे, कोणी किती टाकले ते कोणी पाहायचे नाही. पण देणार कोणाला? गरीब कोठे राहतो, हेच या मुलांना माहीत नव्हते. तेव्हा ती गेली सिस्टर रोझली रँद्यू यांच्याकडे. पॅरिसच्या मुफ्तार नावाच्या अत्यंत दरिद्री वस्तीत वर्षानुवर्षे सेवा करणारी ही धर्मभगिनी. तिने या पोरांना घरांचे पत्ते दिले, भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वागावे कसे, हे शिकविले. गरिबाच्या घरी गेलात तर उपकार करायला आलो अशा ऐटीत जाऊ नका. बसा, त्याचे ऐका, मग बोला. सांगतात की ओझानाम आणि त्याचा एक मित्र पहिल्याच खेपेला आपल्या खोलीतले थंडीसाठी राखून ठेवलेले जळाऊ लाकूड खांद्यावर घेऊन एका बिऱ्हाडी गेले होते.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस सहाचे शंभराहून अधिक झाले. संत विन्सेंट डी पॉल यांचे नाव घेऊन हे मंडळ वाढले, देशोदेशी पसरले. आज ते जगातल्या सुमारे दीडशे देशांत आहे. आपल्या महाराष्ट्रातही वसई-मुंबईच्या अनेक धर्मग्रामांत त्याचे सभासद आहेत. आजाऱ्याच्या घरी, विधवेच्या घरी, फी थकलेल्या विद्यार्थ्याच्या घरी जाणारी जी माणसे तुम्ही पाहिली असतील, त्यांचे मूळ त्या सहा मुलांच्या एका संध्याकाळच्या बैठकीत आहे.

मुद्दा असा की, त्या मुलांनी हे मंडळ जगाचा उद्धार करण्यासाठी काढले नव्हते. हेतू अगदी घरगुती होता. परक्या शहरात आपली श्रद्धा टिकावी, सोबत्याला सोबत मिळावी, आणि बोलण्याला कृतीचा आधार यावा. गरिबाला भाकरी मिळाली हे खरे, पण देणाऱ्यालाही काही कमी मिळाले नाही. मुफ्तारच्या अंधाऱ्या जिन्यावरून चढून जाताना श्रद्धा हा वादाचा विषय उरत नाही. म्हणून तिसरी गोष्ट सांगतो. कॉलेजात श्रद्धा डळमळू लागली, तर केवळ पुस्तक उघडू नका, कोणाचे तरी दार उघडा. वसतिगृहात तापाने पडलेला मुलगा असेल, त्याच्याजवळ बसा. सफाई करणाऱ्या मावशींच्या पोराला संध्याकाळी तासभर गणित शिकवा. तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे विचारू नका. आणि एकट्याने करू नका. दोघे-तिघे मिळून करा. एकटे लाकूड लवकर विझते, दोन लाकडे एकमेकांना पेटती ठेवतात. चुलीपाशी बसणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक आहे.

आणखी एक प्रसंग सांगतो. गावच्या मिस्सेत जे प्रवचन होते ते विद्यार्थ्यांना पुरत नाही, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी व्याख्याने व्हावीत, असे ओझानामला वाटे. त्याने नुसती कुरकुर केली नाही. मित्रांना घेऊन तो आर्चबिशपांना भेटला. दुसऱ्या वेळी दोनशे विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज नेला. अखेर १८३५ च्या उपवासकाळात नोत्र दामच्या महामंदिरात लाकोर्देर या विख्यात धर्मगुरूंची व्याख्याने सुरू झाली आणि ऐकायला पॅरिसचे तरुण लोटले. आपल्या धर्मगुरूंकडे मागणी करणे हाही विद्यार्थ्याचा हक्क आहे. शहरातल्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा तरी मराठी मिस्सा व्हावी असे वाटते ना? मग वीस मुलांच्या सह्या घेऊन फादरांकडे जा. नुसते खोलीत बसून, आम्हांला कोणी विचारत नाही, असे म्हणू नका.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण धर्मनिरपेक्ष कॉलेजात असे धर्माचे नाव घेणे योग्य आहे काय? हा प्रश्न आपल्या देशात नेहमी येतो, म्हणून स्पष्ट सांगतो. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे, जी संस्था संपूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तेथे धर्मशिक्षण दिले जात नाही. आणि ज्या मान्यताप्राप्त किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थांत ते दिले जाते, तेथेही कोणाला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, त्यात बसविता येत नाही. पण पंचविसावे कलम प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे आणि पाळण्याचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांना बाध येऊ नये, एवढे पाहून. म्हणजे काय, की सरकारी कॉलेज तुम्हांला धर्म शिकविणार नाही, पण तुमचा काढूनही घेणार नाही. धर्मनिरपेक्ष कॉलेज हे देव नसलेले कॉलेज नव्हे. सर्वांच्या देवघराचा मान राखून दार उघडे ठेवणारे ते घर आहे. तेथे कॅथलिक मुलाने चोरासारखे वागू नये आणि पाटलासारखेही वागू नये. भाड्याच्या घरात चांगला बिऱ्हाडकरू जसा राहतो, तसे राहावे. आपली चूल पेटती ठेवावी आणि शेजाऱ्याच्या चुलीत पाणी ओतू नये.

ओझानामचेच पाहा. पुढे तो स्वतः त्याच सॉर्बोनमध्ये परकीय वाङ्मयाचा प्राध्यापक झाला. १८४० साली तो कठीण स्पर्धापरीक्षेत पहिला आला, आणि १८४४ मध्ये पूर्ण प्राध्यापक. काही वर्षांनी एका कॅथलिक प्राध्यापकाच्या वर्गात विरोधी विद्यार्थ्यांनी गोंधळ घातला, तेव्हा ओझानाम उठून त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने विद्यार्थ्यांना ठणकावले. कशासाठी? स्वातंत्र्यासाठी! सर्वांना बोलण्याचे स्वातंत्र्य हवे, मग या माणसाला का नको, हा त्याचा सवाल होता. विद्यार्थिदशेत जे त्याने विरोधी प्राध्यापकांना दिले, म्हणजे ऐकून घेण्याचा मान, तेच तो आता आपल्या माणसासाठी मागत होता. त्याला ते मागण्याचा अधिकार होता, कारण त्याने आधी ते दिले होते.

प्रकृती मात्र त्याला साथ देईना. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मार्सेय येथे त्याचा अंत झाला. मागे तरुण पत्नी आणि एक लहान मुलगी. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्य म्हणून घोषित केले. तेही त्याच नोत्र दाम महामंदिरात, जेथे व्याख्याने व्हावीत म्हणून तो विद्यार्थी असताना अर्ज घेऊन हिंडला होता. त्या वेळी जगभरचे तरुण पॅरिसला जमले होते. सिस्टर रोझली यांनाही २००३ साली तोच मान मिळाला. ध्यानात घ्या, ओझानाम धर्मगुरू नव्हता, संन्यासी नव्हता. तो विद्यार्थी होता, मग नवरा, बाप आणि प्राध्यापक. म्हणजे आपल्यांतलाच एक.

आता शेवटी दोन शब्द आईबापांसाठी. मुलगा सुट्टीत घरी आला आणि त्याने एखादा वेडावाकडा प्रश्न विचारला, तर कॉलेजने पोर बिघडले म्हणून ऊर बडवू नका. प्रश्न विचारतो आहे म्हणजे अजून त्याला त्या गोष्टीची पर्वा आहे. ज्याला पर्वा उरली नाही, तो प्रश्न विचारीत नाही. तो नुसता मान हलवितो आणि झोपायला जातो. त्याची काळजी अधिक करा. तुम्हांला उत्तर येत नसेल तर म्हणा, ''बाळा, मला नाही रे सांगता येत. पण मी का प्रार्थना करतो ते सांगतो.'' आणि मग आपल्या आयुष्यातले खरे ते सांगा. पीक बुडाले तेव्हाचे, बायको आजारी होती तेव्हाचे. अशा बोलण्याला कोणत्याही प्राध्यापकाजवळ उत्तर नसते, कारण तो वादच नव्हे.

आणि जी मुले-मुली या जूनमध्ये पेटी घेऊन निघाली आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. आईने पेटीत कपड्यांच्या घडीखाली जपमाळ ठेवली असेल. ती तळाशी राहू देऊ नका. रोज हातात घ्या, मग पाच मिनिटे का होईना. सोबत्याने पाहिले तर पाहू द्या. कोणी सांगावे, दोन खाटा सोडून पलीकडे आणखी एखाद्याच्या पेटीतही तशीच जपमाळ असेल, आणि तोही कोणी तरी आधी काढण्याची वाट पाहत असेल.